वाळवंटाला आलेला पूर: गोवा ते दुबई, १४ ते २२ एप्रिल २०२४

गोव्यातल्या साखळी गावच्या माणसाला ‘वाळवंटी’ म्हटलं की पूर आठवतो. नदीचं नाव एवढं कोरडं, पण पावसाळ्यात तिचं पाणी बाजारात शिरू नये म्हणून तिथे पंप बसवावे लागले आहेत. १६ एप्रिल २०२४ ला खऱ्याखुऱ्या वाळवंटाला पूर आला, तेव्हा गोव्याहून गेलेला आठ जणांचा गट दुबईत होता. त्या दिवसांची ही नोंद आहे. आखाती देशात ज्यांची मुलंबाळं नोकरीला आहेत आणि जे सुट्टीत त्यांच्याकडे जातात, त्यांना ती उपयोगी पडावी.

एक गोष्ट सुरुवातीलाच. दुबई विमानतळावर मंगळवारी २४ तासांत १४२ मिमी पाऊस पडला. तिथली वर्षाची सरासरी ९४.७ मिमी आहे, म्हणजे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात झाला. पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला विचारा, १४२ मिमी म्हणजे जुलैतला एखादा जोरकस दिवस. त्यामुळे गोवेकराला वाटतं, पाऊसच ना, बघितलाय आम्ही. तो फसतो तो इथेच. आपल्याकडे पाणी पडतं आणि चालू लागतं. उतार असतो, ओहोळ असतो, खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताला, मानस म्हणजे पाण्याचं दार असतं, पुढे मांडवी-झुवारी असते. तिथे पाणी पडतं आणि बसतं.

रविवार, १४ एप्रिल

गोव्याहून दुबई सुमारे साडेतीन तास. घड्याळ दीड तास मागे. सामानात छत्री कुणीच घेत नाही, आणि घेतली नाही म्हणून बिघडत नाही; त्या वाऱ्यात ती टिकलीही नसती. उणीव भासली ती दुसऱ्याच वस्तूंची. पावसाळ्यात आपण घालतो तसल्या रबरी चपला हव्या होत्या, मागे पट्टा असलेल्या. लहान बॅटरी हवी होती. रोजच्या गोळ्या आठ दिवसांच्या सहलीला निदान पंधरा दिवसांच्या हव्यात, त्याही हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. १०,००० एमएएचची चालते. तिथले प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, त्यामुळे अडॅप्टर माणशी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही, हे घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवावं. नाहीतर वादळाच्या रात्री फोन लागत नाही म्हणून इकडे जीव टांगणीला.

त्याच दिवशी शेजारच्या ओमानमध्ये पुराला सुरुवात झाली होती. समद अल शान भागात शाळेच्या मुलांची गाडी वाहून गेली, मुलं दगावली. पावसाची ही यंत्रणा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होती. वरच्या थरात थंड हवेचं कमी दाबाचं क्षेत्र, खाली तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा, आणि एकामागून एक उभे राहणारे गडगडाटी ढग. पुढे ‘कृत्रिम पाऊस पाडायला गेले आणि हे झालं’ अशी चर्चा गोव्यातल्या तिंट्यांवरही, म्हणजे बाजारातल्या चौकांतही, झाली. अमिरातीच्या हवामान केंद्राने त्या वादळात ढगांवर फवारणी केल्याचा इन्कार केला. आणि फवारणीने आहे त्या ढगातून थोडा जास्त पाऊस काढता येतो, ओमानपासून अल ऐनपर्यंत पसरलेलं वादळ उभं करता येत नाही.

सोमवार, १५ एप्रिल

ईदची सुट्टी संपून कचेऱ्या उघडल्या, आणि त्याच दिवशी जाहीर झालं की मंगळवारी सरकारी कर्मचाऱ्यांनी घरून काम करायचं, शाळा ऑनलाइन. इशारा आला नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे हवामान खातं ऑरेंज अ‍ॅलर्ट देतं तसेच तिथेही पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे नारिंगी म्हटलं की माणूस फार तर मुलांना शाळेत पाठवत नाही; तिथे नारिंगी म्हणजे घराबाहेर पडायचं नाही, असंच समजावं.

मंगळवारी हत्ताचा बेत होता, डोंगर आणि धरण बघायचं. तो सोमवारीच रद्द केला. हत्ताच्या रस्त्यात वाद्या लागतात. वादी म्हणजे आपली वाडी नव्हे, कोरडी नदी. डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि वीस-तीस किलोमीटर वर पडलेल्या पावसाचं पाणी काही मिनिटांत अंगावर येतं. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला आपल्याकडे बंदी का घालतात ते ज्यांना कळतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथला कायदा मात्र आपल्यापेक्षा बराच कडक आहे. पाऊस चालू असताना वादी, धरण किंवा साचलेल्या पाण्याजवळ गर्दी केली तर १,००० दिरहम दंड आणि लायसन्सवर ६ काळे गुण. वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, २३ गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. तेव्हा दिरहम साधारण पावणेतेवीस रुपये होता; हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्या संध्याकाळी करायची कामं आपल्या पुरुमेंतासारखीच, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीसारखीच, फक्त एका रात्रीपुरती. माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं पिण्याचं पाणी. तिथे घरोघर पाच गॅलनच्या, म्हणजे १८.९ लिटरच्या बाटल्या येतात. चौघांना दोन बाटल्या पुरत नाहीत, तीन लागतात आणि घागरभर उरतं. न्हाणीतल्या बादल्या भरून ठेवायच्या. कारण इमारतीची पाण्याची टाकी बहुधा तळघरात असते आणि पंप ते पाणी गच्चीवर चढवतो. तळघरात पाणी शिरलं की वीज तोडतात, वीज गेली की पंप बंद, आणि बाहेर पूर असताना घरात नळ कोरडा. खाण्याला खबूस (तिथली रोटी), अंडी, केळी, शिजवायला न लागणारं काहीही. थोडी रोकड, कारण कार्डाचं यंत्र विजेवर चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र गच्चीवरचं, आणि ते बहुतेक कुणी केलेलं नसतं. आपल्याकडे मे महिन्यात कौलं परततात, पन्हळी साफ करतात. तिथे सपाट गच्ची, भोवती कठडा आणि पाणी जायला कोपऱ्यात तीन-चार इंची भोक. वर्षभराची बारीक वाळू, कबुतराची पिसं आणि एसीच्या पाइपांवरून सोललेला फोम असं सगळं त्या जाळीवर येऊन बसलेलं असतं. भोक बुजलं तर १०० चौरस मीटर गच्चीवर १४२ मिमी पावसाचं १४,२०० लिटर पाणी उभं राहतं, दर चौरस मीटरला १४२ किलो. स्लॅब ते वजन पेलतो. प्रश्न असा की हे पाणी मग एसीच्या डक्टची भोकं शोधतं.

मंगळवार, १६ एप्रिल

रात्री पहिली सर येऊन गेली होती, सुमारे २० मिमी. खरा जोर सकाळी नऊच्या सुमारास चढला आणि दिवसभर टिकला. दुपारी आभाळ हिरवट झालं, गढूळ काचेच्या बाटलीतून पाहावं तसं. विमानतळाचं काम दुपारी २५ मिनिटं पूर्ण थांबलं, आणि संध्याकाळी येणारी विमानं दुसरीकडे वळवली गेली. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४ मिमीच्या वर नोंद झाली. १९४९ पासून नोंदी आहेत, त्यात असा पाऊस नव्हता.

घराच्या आत काय होतं ते जवळून सांगायला हवं. पहिली खूण छताच्या एसी जाळीतून येते. पाणी लगेच गळत नाही. आधी जाळीच्या पात्यांना तपकिरी कड येते, मग एक थेंब, मग धार. छत जिप्समचं असेल तर त्याला पोट सुटतं, पुरण जास्त झालेल्या पोळीसारखं. तसंच राहू दिलं तर पूर्ण तक्ता एकदम खाली येतो, पंचवीस-तीस किलो ओलं जिप्सम डोक्यावर. उपाय साधा आहे. आधी विजेच्या मुख्य पेटीवर (डीबी) त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करायचा, मग फुगवट्याखाली बादली ठेवून स्क्रूड्रायव्हरने सगळ्यात खालच्या बिंदूला एक भोक पाडायचं, स्वतः बाजूला उभं राहून. पाणी बारीक धारेने उतरतं आणि छत वाचतं, निदान कडा तरी. दिव्याच्या होल्डरमधून पाणी येत असेल तर त्या खोलीचा स्विच बंद करणं पुरत नाही, एमसीबीच खाली ओढावा लागतो. हात ओले असतील तर आधी पुसा आणि पायात रबरी चप्पल घाला.

दुसरी जागा बाल्कनी. तिथली मोरी एवढीशी असते आणि तिच्या तोंडाशी वाळूचा गोळा. दाराच्या पट्टीखालून पाणी आत येण्याआधी हाताने ती मोकळी करायची. पंचा किंवा टॉवेलची गुंडाळी दाराशी लावण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं. टॉवेल दहा मिनिटांत भिजतो, मग तोच वातीसारखा पाणी आत ओढतो.

लिफ्ट वापरायची नाही. लिफ्टचा खड्डा इमारतीत सगळ्यात खोल असतो, पाणी आधी तिथे जातं. मधेच अडकलात तर सोडवायला येणारा माणूस रस्त्यावर अडकलेला असतो. तळघरातली गाडी काढायला खाली उतरणं ही तर त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक. उतारावरून पाणी आत येतं ते धबधब्यासारखं, आणि तळघरातच विजेची खोली असते.

रस्त्यांवर पाणी का साचलं, याचं कारण वाळूत आहे. वाळू पाणी पिते असं आपण धरून चालतो. वेळसावच्या किनाऱ्यावर ती पितेही. पण किनाऱ्यालगतची दुबई बऱ्याच ठिकाणी सब्खावर आहे, म्हणजे मिठागरासारखी चिकट जमीन, जिच्यात हातभर खाली खारं पाणी लागतं. त्यावर भराव, त्यावर डांबर. वर्षाला पाऊस मोजकेच दिवस पडणार म्हणून पावसाची गटारं बऱ्याच रस्त्यांना बेताचीच. रस्ता बशीसारखा सपाट असेल तर चार तासांत तो तळं होतो.

बुधवार, १७ एप्रिल

रामनवमी. आभाळ निळं, ऊन कडक. गोवेकराची दुसरी चूक आज होते. आपल्याकडे पाऊस थांबला की तासा-दोन तासांत पणजीचा १८ जून रस्ता मोकळा होतो, म्हणून इथेही बाहेर पडावंसं वाटतं. जबेल अलीच्या मंदिरात जायचं ठरलं होतं. शेख झायेद रस्त्यावर पाणी, टॅक्सी नाही, मेट्रोच्या लाल मार्गावरची काही स्थानकं बंद. त्यातली चार, ऑनपॅसिव्ह, इक्विटी, मश्रेक आणि एनर्जी, पुढे कित्येक आठवडे बंद राहिली. रामजन्म मग हॉटेलातच झाला, सुंठवड्याऐवजी खजूर.

एमिरेट्सने सकाळी ८ पासून दुबईहून निघणाऱ्या प्रवाशांचं चेक-इन थांबवलं. विमानतळ उघडा होता, पण विमान एकीकडे, चालक दुसरीकडे आणि प्रवासी तिसरीकडे. अशा दिवशी विमानतळावर जाऊन रांगेत उभं राहणं हा उपाय वाटतो, पण तो नाही. आत गेल्यावर खायला रांग, बाहेर यायला टॅक्सी नाही, आणि टर्मिनल २ ला तर मेट्रोही नाही. फ्लाइट ‘कन्फर्म्ड’ दिसली आणि चेक-इन उघडलं, तरच निघायचं. तोवर खोली सोडायची नाही. ही गोष्ट बारीक वाटते, पण दुपारी बारालाच चावी देऊन मोकळे झालेल्यांना संध्याकाळी तीच खोली मिळाली नाही. मुक्काम रात्री-रात्रीने नाही, एकदम तीन रात्रींनी वाढवून घ्यावा. नको झाल्या तर उरलेल्या परत करता येतात का ते आधी विचारावं.

साचलेल्या पाण्यातून चालायचंच झालं तर काठी घेऊन. झाकण उडालेलं मॅनहोल वरून दिसत नाही. पाण्याला कुठे भोवरा आहे का बघायचं. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावायचा नाही. पाण्याला साबणाचा वास येत असेल तर त्यात सांडपाणी मिसळलेलं आहे. पायाला जखम असेल तर उतरूच नये. तातडीला ९९९ पोलीस, ९९८ रुग्णवाहिका.

गुरुवार, १८ एप्रिल

हा दिवस गाड्यांचा. रस्तोरस्ती गाड्या टाकून लोक गेले होते, आणि आता ते परत येऊन किल्ली फिरवत होते. नेमकं तेच करायचं नाही.

पाणी साधारण १५ सेंटिमीटर झालं की बहुतेक गाड्यांच्या तळाला लागतं. ३० सेंटिमीटरला लहान गाडी तरंगायला लागते. ६० ला मोठी एसयूव्हीसुद्धा वाहते. हवा ओढणारी नळी पुढच्या जाळीमागे असते. पुढच्या गाडीने उडवलेली लाट तिच्यात गेली की सिलिंडरमध्ये पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली तेव्हा नुकसान कदाचित थोडंच असतं. पुन्हा स्टार्टर मारला की इंजिन जातं.

म्हणून क्रम असा. किल्ली फिरवायची नाही. बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. एअर फिल्टरचा डबा उघडून कागद बोटाने दाबायचा: कोरडा असेल तर आशा आहे, ओला असेल तर मेकॅनिकशिवाय पुढे जायचं नाही. ऑइलची पट्टी काढायची. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी. ऑटोमॅटिक गाडी दोरी लावून ओढायची नाही, सपाट ट्रकवर चढवायची. आत पाणी कुठवर आलं होतं ती रेघ सीटच्या पट्ट्यावर दिसते, तिचा फोटो तारखेसह काढायचा. हा फोटो विम्याला लागतो. थर्ड पार्टी विम्यात पुराचं काही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे का ते बघावं लागतं. दुबई पोलिसांनी पुरात नुकसान झालेल्या गाड्यांसाठी ऑनलाइन दाखला द्यायची सोय केली होती. भाड्याची गाडी असेल तर करारातलं ‘वॉटर डॅमेज’ वाचा. बऱ्याच करारांत ते चालवणाऱ्याच्या खिशातून जातं.

शुक्रवार, १९ एप्रिल

विमानतळाने दुपारपासून ४८ तास बाहेरून येणाऱ्या विमानांवर मर्यादा घातली. भारतीय दूतावासाने सांगितलं की तातडीचं नसेल तर दुबईचा किंवा दुबईमार्गे प्रवास पुढे ढकला. परतीचं तिकीट रद्द. हवामानामुळे रद्द झालेल्या फ्लाइटला नुकसानभरपाई मिळत नाही, पण पूर्ण परतावा किंवा दुसरं तिकीट मिळतं. परतावा घ्यायचा की दुसरी तारीख, हे त्याच दिवशी ठरवावं. परतावा एकदा घेतला की त्या कंपनीची जबाबदारी संपते आणि नवीन तिकीट चालू भावाने. एजंटाकडून काढलेलं तिकीट एजंटच बदलतो, काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. पर्यटक व्हिसाची तारीख बघून ठेवावी, उलटली तर दिवसाला ५० दिरहम.

शनिवार, २० एप्रिल

दुबईचे मोठे रस्ते बरेचसे मोकळे, शारजा मात्र अजून पाण्यात. अल मजाझ, अल कासिमिया भागांत पाणी चार दिवसांनीही गुडघाभर होतं, हिरवं पडत चाललेलं. टँकर येतो, पाणी ओढतो, जातो. मोठा टँकर ५,००० गॅलनचा, इथे ब्रिटिश गॅलन धरून सुमारे २२,७०० लिटर. शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद गल्लीत अर्धा मीटर पाणी धरलं तर पाच लाख लिटर, म्हणजे एका गल्लीला बावीस फेऱ्या. आणि पाणी ओतायचं कुठे, तिथेही रांग. समुद्राकडे तोंड करून आपोआप उघडणारी मानस आपल्या खाजनांना शेकडो वर्षं आहे. ती बघायची सवय असलेल्या माणसाला हे टँकर फार केविलवाणे वाटतात. दोन महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, दुबईने ३० अब्ज दिरहमचा पावसाच्या गटारांचा प्रकल्प मंजूर केला, २०३३ पर्यंत पुरा करायचा.

ज्यांचे नातेवाईक तळमजल्यावर राहतात त्यांच्यासाठी: भिजलेला कार्पेट सुकवू नका, कापून टाका. एसी चालू करण्याआधी फिल्टर धुवा आणि ड्रेन पाइप फुंकून बघा, नाहीतर बुरशी घरभर फिरते.

रविवार, २१ एप्रिल

दुबईचा नाद सोडून अबुधाबीहून मुंबई. बुर दुबईच्या अल गुबैबा स्थानकावरून ई-१०० बस अबुधाबीला जाते, पैसे नोल कार्डातून, म्हणजे दुबईच्या बस-मेट्रोच्या कार्डातून, कापले जातात. कार्डात पुरेशी शिल्लक हवी, ड्रायव्हर रोख घेत नाही. एरवी दोन तासांचा रस्ता, वळणावळणाने तीन धरावेत. विमानतळ शहराच्या अलीकडे आहे पण बस शहरात जाते, तिथून परत विमानतळाची बस. फ्लाइटच्या सात तास आधी निघालेलं बरं.

मुंबई ते मडगाव रेल्वेचं एसी तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं, म्हणजे अमिरातीत साडेआठला. बसमध्ये बसायच्या आधी ते काम उरकायचं. लॉगिन आणि प्रवाशांची नावं रात्रीच भरून ठेवायची.

सोमवार, २२ एप्रिल

मांडवी एक्स्प्रेस सीएसएमटीहून सकाळी सातनंतर सुटते, संध्याकाळी थिवी, मग मडगाव. कोकणकन्या रात्रीची. बॅगा आल्या असतील तरच यातली कुठलीही गाडी सोयीची. त्या दिवसांत एकट्या एमिरेट्सच्याच सुमारे ३०,००० बॅगा मागे राहिल्या होत्या.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी काउंटरवर पीआयआर फॉर्म, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, भरायचा आणि नंबर घ्यायचा. बाहेर आल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, फाटकी मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार. मधल्या काळात घेतलेले कपडे-औषधं यांच्या पावत्या जपायच्या. फॉर्मवर पत्ता लिहिताना ‘देवळाजवळ, खालचा वाडा’ एवढं पुरत नाही. घर क्रमांक, वाडा, गाव, पोस्ट, तालुका, पिन आणि दोन फोन नंबर, त्यातला एक घरी असणाऱ्या माणसाचा. बोर्डिंग पासवर चिकटवलेली टॅगची पट्टी बॅग उघडून बघेपर्यंत फेकू नका.